शिडाच्या होडीतून निघालेली पेटंटे

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

शिडाच्या नौकांच्या शर्यतींविषयी गेल्या पंधरवड्यात आपल्या क्रीडा पानावर एक चांगला लेख आला. त्यावर दोन वाचकांची पत्रेही आपण छापलीत. दोन्ही पत्रांचा रोख एकच होता : समुद्रात शीड उभारून हिंडणे हा पैसेवाल्यांचा शौक आहे, त्यातून ना देशाला काही मिळते ना विज्ञानाला. मी बत्तीस वर्षे व्यापारी जहाजांच्या ब्रिजवर, म्हणजे जिथून जहाज हाकतात त्या कक्षात, उभा राहून काढली आहेत आणि आता मालवणात निवृत्त आयुष्य जगतो आहे. हे विधान मला निमूटपणे वाचवले नाही. त्याचे कारण खेळाविषयीचे प्रेम हे नव्हे. मी तरुणपणी ज्या उपकरणांच्या भरवशावर जहाजे हाकली, त्यांतली दोन उपकरणे अशाच एका शौकीन माणसाच्या हौसेच्या नौकेवर जन्मली होती, हे खरे कारण आहे.

तो माणूस म्हणजे विल्यम थॉमसन, म्हणजेच लॉर्ड केल्विन. आपल्याकडे हे नाव शाळेत तापमानाच्या एककापुरते येते आणि तिथेच संपते. माझ्या पहिल्या जहाजावर खोली मोजणाऱ्या यंत्राच्या पाटीवर ‘केल्विन ह्यूज’ अशी अक्षरे होती. हे कुणा दोन भागीदार मित्रांचे नाव असावे, अशी माझी कित्येक महिने समजूत होती. त्यातला पहिला केल्विन हा तापमानवालाच आहे, हे एका वयस्कर चीफ ऑफिसरने मला सांगितले, आणि सांगताना तो इतका हसला की ते माझ्या कायमचे लक्षात राहिले.

थॉमसन यांचा जन्म १८२४ सालचा, बेलफास्टचा. वडील गणिताचे प्राध्यापक होते आणि मुलाने केंब्रिजमध्ये गणितातच नाव काढावे अशी त्यांची साहजिक इच्छा होती. मुलाने तिथे जाऊन एका मित्राबरोबर सात पौंडांना वल्ह्यांची होडी विकत घेतली. घरून जे पत्र आले ते कौतुकाचे नव्हते. तरीही त्याने वल्ही सोडली नाहीत आणि १८४३ साली एकट्याने वल्हवण्याच्या शर्यतीत विद्यापीठातले कोल्कुहून स्कल्स हे पारितोषिक जिंकले. पुढे १८६० च्या हिवाळ्यात लार्ग्ज गावी गोठलेल्या पाण्यावर दगड घसरवण्याचा कर्लिंग नावाचा खेळ खेळताना पाय मोडला आणि तो जन्मभर लंगडत राहिला. म्हणजे केवळ पुस्तकात डोके घालून बसणारा हा शास्त्रज्ञ नव्हता. खेळापायी त्याने बापाचा रागही ओढवून घेतला होता आणि पायही गमावून बसण्याची वेळ आणली होती.

आता त्या नौकेकडे येतो. अटलांटिक महासागराच्या तळाशी टाकलेल्या तारायंत्राच्या केबलवरून येणारा अत्यंत क्षीण विद्युत्‌संदेश वाचणारी उपकरणे थॉमसन यांनी बनवली आणि त्यांची पेटंटे घेतली. आरशाचा गॅल्व्हनोमीटर १८५८ सालचा, शाईच्या बारीक नळीने संदेश कागदावर उतरवणारा सायफन रेकॉर्डर १८६७ सालचा. १८६५ मध्ये व्हार्ले आणि जेन्किन या दोन अभियंत्यांबरोबर त्यांनी आपापली पेटंटे एकत्र केली आणि केबल कंपन्यांकडून त्यांचा मोबदला घेतला. पहिल्या पत्नीच्या निधनानंतर, १८७० साली, त्याच पैशातून त्यांनी १२६ टनांची ‘लाला रुख’ नावाची शिडाची नौका विकत घेतली. (हे नाव औरंगजेबाच्या एका कल्पित कन्येचे आहे. ग्लासगोच्या प्राध्यापकाच्या बोटीला आलमगिराच्या लेकीचे नाव मिळावे, याची मला नेहमीच गंमत वाटते.) ज्याला आपले पत्रलेखक पैसेवाल्यांचा शौक म्हणतात तो हाच. पण ही नौका पेटंटांच्या पैशातून आली होती आणि तिच्यावरून पुढे नवी पेटंटे निघाली.

पहिले उपकरण खोली मोजण्याचे. किनाऱ्याजवळ धुक्यात सापडलेल्या जहाजाला तळ किती वाव (एक वाव म्हणजे सहा फूट) खाली आहे हे कळणे म्हणजे जीव वाचणे. आपल्या कोकणच्या तांडेलांप्रमाणेच युरोपीय खलाशीही शिशाचे वजन दोराला बांधून सोडत, वजनाच्या बुडाला चरबी लावून वाळू की चिखल तेही वर आणून पाहत. मात्र जाड ताग-अंबाडीच्या दोराला पाण्याचा इतका विरोध होतो की जहाज जवळजवळ थांबवावे लागते, आणि खोल समुद्रात तर दोर तळाला टेकला की नाही हेच कळत नाही. थॉमसन यांनी दोराच्या जागी पियानोची पोलादी तार वापरली. २९ जून १८७२ रोजी बिस्केच्या उपसागरात ‘लाला रुख’वरून त्यांनी ३० पौंडांचे वजन एकेरी तारेने सोडले आणि २,७०० वाव, म्हणजे जवळजवळ पाच किलोमीटर खोलीवर तळ गाठला. खोली मोजणे हे सरकारी मोहिमेचे काम समजले जात असे. इथे ते एका प्राध्यापकाने आपल्या खासगी नौकेवरून केले. त्याच सुमारास निघालेल्या ‘चॅलेंजर’ या ब्रिटिश संशोधन जहाजाने मात्र जुना दोरच पुढे चालवला. तारेची पद्धत मनापासून उचलली ती अमेरिकेच्या ‘टस्कारोरा’ जहाजाने, प्रशांत महासागरात.

मात्र पाच किलोमीटर खोली हा शास्त्रज्ञांचा विषय झाला. नावाड्याला हवी असते ती शेवटच्या शंभर वावांतली खोली, आणि तीही जहाज न थांबवता. १८७६ साली पेटंट घेतलेल्या यंत्रात थॉमसन यांनी यावर जो तोडगा काढला तो मला आजही चकित करतो. चालत्या जहाजावरून सोडलेली तार सरळ खाली जात नाही, ती मागे तिरपी ओढली जाते, त्यामुळे किती तार सुटली यावरून खोली ठरवता येत नाही. म्हणून तारेच्या टोकाशी वजनाजवळ त्यांनी एक अरुंद काचेची नळी ठेवली. वरचे टोक बंद, खालचे उघडे, आणि आतल्या बाजूला सिल्व्हर क्रोमेटचा तांबूस थर. नळी खाली जाईल तसतसा पाण्याचा दाब आतली हवा आवळत जातो, समुद्राचे पाणी नळीत चढत जाते, आणि जिथवर ते पोहोचते तिथवर मिठाशी होणाऱ्या रासायनिक क्रियेने तो तांबूस थर पांढरा पडतो. नळी वर ओढायची, तांबूस-पांढऱ्याची सीमारेषा पट्टीवर लावायची आणि खोली वाचायची. तार तिरपी गेली तरी फरक पडत नाही, कारण मोजला जातो तो दाब. जहाज १६ नॉट, म्हणजे ताशी १६ सागरी मैल, वेगाने जात असतानाही १०० वावांपर्यंतची खोली अशी घेता येई.

या नळीत आणखी एक गोष्ट आपोआप साधली गेली आहे. पहिल्या दहा मीटरांतच हवा निम्मी होते, म्हणजे पाणी अर्ध्या नळीपर्यंत चढते. वीस मीटरांवर दोन-तृतीयांश, तीस मीटरांवर तीन-चतुर्थांश. पुढे मात्र खुणा दाटत जातात आणि नव्वद आणि शंभर मीटर यांतला फरक साठ सेंटीमीटरच्या नळीवर जेमतेम अर्धा सेंटीमीटर उरतो. म्हणजे पाणी जितके उथळ तितके मोजमाप बारीक. ज्याने उथळ पाण्यात तळाला घासत जाणाऱ्या जहाजाची धडधड ऐकली आहे, त्याला यापेक्षा सोयीची पट्टी सुचणार नाही.

दुसरे उपकरण होकायंत्र. त्याची गोष्ट एका मासिकापासून सुरू होते. होकायंत्रावर लेख लिहून द्या, अशी विनंती थॉमसन यांना १८७१ च्या सुमारास झाली. लिहायला बसल्यावर, आपल्याला या विषयातले पुरेसे कळत नाही असे त्यांच्या ध्यानात आले. पहिला लेख १८७४ साली छापला गेला आणि दुसरा त्यानंतर पाच वर्षांनी. मधल्या काळात त्यांनी होकायंत्रच नव्याने बनवले होते. संपादक महोदय, मजकूर वेळेवर न देणाऱ्या लेखकांवर आपला राग असणारच, पण एवढ्या एका उशिराला माफी द्यावी.

अडचण अशी होती की जहाजे लाकडाऐवजी लोखंडाची होऊ लागली होती आणि लोखंडी जहाज स्वतःच एक मोठे चुंबक असते. ते सुईला उत्तरेपासून खेचते, आणि किती खेचते ते जहाजाचे तोंड कुठल्या दिशेला आहे त्यावर बदलत राहते. ही चूक चुंबके आणि मऊ लोखंड जवळ ठेवून भरून काढता येते, हे ब्रिटनचे राजखगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एअरी यांनी १८३८ सालीच दाखवले होते. पण त्या काळच्या होकायंत्रांच्या सुया लांब आणि जोरदार असत. भरपाईसाठी जवळ ठेवलेल्या मऊ लोखंडात त्या सुयाच नवे चुंबकत्व निर्माण करत आणि सगळा हिशेब बिघडवत. थॉमसन यांनी सुया आखूड आणि कमजोर केल्या. विणकामाच्या सुईसारख्या आठ बारीक पोलादी तारा, रेशमी दोऱ्यांनी ॲल्युमिनियमच्या कड्याला टांगलेल्या, वर पातळ कागदाची तबकडी. दहा इंच व्यासाची ही सारी रचना सुमारे बारा ग्रॅम वजनाची होती. सुया एवढ्या लहान झाल्यावर होकायंत्राच्या दोन्ही बाजूंना माणसाच्या डोक्याएवढे लोखंडी गोळे ठेवून भरपाई नेमकी करता येऊ लागली.

हलकी तबकडी लाटांवर थरथरेल आणि जड तबकडी स्थिर राहील, अशी जुन्या नावाड्यांची पक्की श्रद्धा होती. थॉमसन यांचे म्हणणे नेमके उलटे होते. स्थिरता वजनावर अवलंबून नसते. तबकडीला एक हेलकावा पूर्ण करायला किती वेळ लागतो आणि तो वेळ जहाजाच्या डोलण्याच्या वेळेपेक्षा किती लांब आहे, यावर ती अवलंबून असते. सुया कमजोर ठेवल्या आणि जे काही थोडे वजन आहे ते कडेला नेले, की हेलकावा संथ होतो आणि जहाजाच्या डोलण्याशी त्याची लय जुळत नाही. एकंदर वजन कमी असल्याने मधल्या टोकावर घर्षणही नगण्य राहते. झोपाळ्याला चुकीच्या वेळी धक्का दिला तर तो उंच जात नाही, हे आपल्या घरातल्या पोरांनाही ठाऊक असते. तेच इथे घडते. हे समजून घ्यायला समीकरणे पुरली असती असे कुणी म्हणेल. पण बिस्केच्या लाटांवर स्वतःच्या नौकेच्या डेकवर उभे राहून, घड्याळ हातात धरून डोलणे मोजल्याखेरीज ते इतक्या खात्रीने सांगता आले असते, असे मला वाटत नाही.

होकायंत्राचे पेटंट १८७६ चे. एअरींचे मत प्रतिकूल पडले. व्यापारी जहाजांनी ते यंत्र घेतले, आरमाराने मात्र घोळ घातला. जॉन फिशर या कॅप्टनने आपल्या ‘इनफ्लेक्झिबल’ युद्धनौकेवर ते वापरले आणि आग्रहाने पुढे रेटले, तरी ब्रिटिश आरमाराने त्याला मान्यता दिली ती १८८९ साली. त्या काळी ब्रिटनमध्ये पेटंटाची मुदत चौदा वर्षांची असे. म्हणजे पहिले पेटंट संपायला जेमतेम एक वर्ष उरले असताना सरकारला जाग आली.

जीव वाचवणाऱ्या वस्तूवर पेटंट घेणे योग्य का, हा प्रश्न माझ्या एका जुन्या सहकाऱ्याने मला विचारला होता. आपल्या वाचकांनाही तो पडेल. थॉमसन यांनी आपल्या पेटंटांवर आक्रमण करणाऱ्यांना न्यायालयात खेचले, त्यातून त्यांना भरपूर पैसा मिळाला आणि त्याबद्दल त्यांच्यावर टीकाही झाली. माझे मत असे की पेटंट घेऊन स्वस्थ बसणाऱ्या माणसावर ती टीका शोभली असती. इथे ग्लासगोतल्या जेम्स व्हाइट यांच्या कारखान्यात वर्षानुवर्षे तेच यंत्र सुधारले जात होते, प्रत्येक तबकडी तपासून बाहेर पडत होती, आणि शोधकर्ता दर उन्हाळ्यात ती घेऊन स्वतः समुद्रावर जात होता. आज आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत पेटंट हा मूल्यांकनाच्या तक्त्यातला एक रकाना होऊन बसला आहे. अर्ज दाखल झाला, आकडा वाढला, वस्तू मात्र कुणी पाहिलेली नसते. बंदराजवळच्या महाविद्यालयात नौकेसंबंधीच्या उपकरणावर प्रकल्प करणारे, पण कधी होडीत पाऊल न टाकलेले विद्यार्थी मी पाहिले आहेत. दोष त्यांचा नाही. त्यांना होडीत कुणी नेलेच नाही.

या यंत्राचे गुणगान एकतर्फी होऊ नये म्हणून हेही सांगतो की ते अजेय नव्हते. मोठ्या तोफांचे हादरे आणि वेगवान टॉर्पेडो बोटींचा थरथराट त्या नाजूक कोरड्या तबकडीला सोसवेना, आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ब्रिटिश आरमार द्रवात बुडवलेल्या तबकडीकडे वळले. तबकडी गेली, पण गोळे राहिले. आजही मोठ्या व्यापारी जहाजाच्या ब्रिजच्या छतावर गेलात तर होकायंत्राच्या खांबाला दोन बाजूंना दोन लोखंडी गोळे दिसतील. समोर मऊ लोखंडाचा उभा दांडा असतो, तो मॅथ्यू फ्लिंडर्स या दर्यावर्दीच्या नावाचा. ते नुसते शोभेचे नाहीत. विजेवर न चालणारे चुंबकीय होकायंत्र जहाजावर असलेच पाहिजे, असा आंतरराष्ट्रीय नियम उपग्रहांच्या या काळातही कायम आहे. वीज जाते तेव्हा जहाजावर काय होते ते ज्याने अनुभवले आहे, त्याला हा नियम जुनाट वाटत नाही.

आणि खेळाचे म्हणाल, तर आज ही जुनी विद्या जिवंत ठेवली आहे ती मुख्यतः खेळानेच. गोल्डन ग्लोब या एकट्याने जगप्रदक्षिणा करण्याच्या शर्यतीत उपग्रहावरून दिशा घेण्यास मनाई असते. सेक्स्टंट (सूर्य-ताऱ्यांची क्षितिजापासूनची उंची मोजण्याचे साधन), कागदी नकाशे आणि होकायंत्र यांवरच सारा प्रवास करावा लागतो. आपल्या नौदलाचे निवृत्त अधिकारी अभिलाष टॉमी यांनी या शर्यतीत २९ एप्रिल २०२३ रोजी दुसरा क्रमांक मिळवला. त्यापूर्वी २००९-१० मध्ये दिलीप दोंदे यांनी भारतीयांपैकी पहिल्यांदा एकट्याने जगप्रदक्षिणा पुरी केली. त्यांची ‘म्हादेई’ ही नौका गोव्यात दिवाडी बेटावर बांधलेली होती. ती नौका बांधताना तिथल्या कारागिरांनी जे शिकून घेतले, त्याला शौक म्हणून सोडून देणे मला तरी जमणार नाही.

थॉमसन यांच्या एका यंत्राचा आपल्या वृत्तपत्राशी थेट संबंध आहे, म्हणून थोडे लांबवतो. १८७२-७३ मध्ये त्यांनी भरती-ओहोटीचे भाकीत करणारे यंत्र रचले. चंद्र, सूर्य आणि त्यांच्या बदलत्या अंतरांमुळे पाणी ज्या वेगवेगळ्या लयींनी वरखाली होते, त्यातल्या प्रत्येक लयीसाठी एक चाक आणि एक कप्पी. सगळ्या कप्प्यांवरून एकच तार ओवलेली, आणि तिच्या टोकाला कागदावर फिरणारी लेखणी. हँडल फिरवले की सगळ्या लयींची बेरीज वक्ररेषेच्या रूपाने उमटे आणि वर्षभराच्या भरत्या सुमारे चार तासांत निघत. याच तत्त्वावर एडवर्ड रॉबर्ट्‌स यांनी १८७९ मध्ये खास हिंदुस्थानच्या बंदरांसाठी यंत्र बनवले. (श्रेय कोणाचे यावरून दोघांत वादही झाला.) मुंबईच्या अपोलो बंदरावर १८७८ पासून पाण्याची पातळी नोंदवली जात होती. ते आकडे अशा यंत्राच्या चाकांवर चढवले जात आणि आपल्या कोळ्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असलेले उधाण (मोठी भरती) आणि भांग (लहान भरती) छापील कोष्टकात उतरत. आज चाकांची जागा संगणकाने घेतली, पण लयींची बेरीज करण्याची रीत तीच आहे.

या कोष्टकातला आकडा आपण पावसाळ्यात पहिल्या पानावर छापता, आणि बहुतेक वेळा मथळा असतो : ‘आज समुद्रात साडेचार मीटर उंचीच्या लाटा’. तो आकडा लाटांचा नसतो. नकाशावर शून्य मानलेल्या अत्यंत खालच्या पातळीपासून भरतीचे पाणी किती वर येईल ते तो सांगतो. लाटा त्या पाण्यावर असतात, त्यांची उंची वाऱ्यावर ठरते आणि ती वेगळीच असते. शांत हवेच्या दिवशीही साडेचार मीटरची भरती येते आणि एकही मोठी लाट दिसत नाही. मग तो मथळा वाचून चौपाटीवर गेलेला माणूस पुढच्या खऱ्या इशाऱ्याकडेही दुर्लक्ष करतो. तेव्हा येत्या जूनपासून त्या जागी ‘लाटा’ऐवजी ‘भरती’ हा शब्द छापावा, आणि जमल्यास वाऱ्यानुसार अपेक्षित लाटांची उंची शेजारी स्वतंत्र द्यावी, अशी विनंती आहे.

कळावे,

आपला,
एक निवृत्त नौकाधिकारी,
मालवण